कचरा सोडला, मग कचऱ्याच्या गोष्टी विहारात कशाला?

आमच्या महिला मंडळाची आरोग्य बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, वंदना झाल्यावर, विहारातच होते. मागच्या बैठकीचा विषय डेंग्यू होता. बोलता बोलता विषय मच्छरावरून साचलेल्या पाण्यावर गेला, पाण्यावरून गटारावर, गटारावरून त्यात अडकलेल्या वेफरच्या पुड्यांवर आणि शेवटी कचऱ्यावर. आमच्यातली एक जण म्हणाली, प्रत्येक घराने सुका कचरा वेगळ्या पिशवीत ठेवला तर निम्मे काम होईल. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेले एक आजोबा उठले. वय ऐंशीच्या घरातले, लहानपणी कोकणातून मुंबईला आलेले, सारी उमर गिरणीत गेलेली. म्हणाले, "पोरींनो, माझ्या बापानं गावची मेलेली ढोरं ओढली. बाबासाहेबांनी सांगितलं, सोडा हे. आम्ही सोडलं. गाव सोडलं, ती कामं सोडली, तेव्हा कुठं माणसात आलो. आता विहारात बसवून पुन्हा कचरा निवडायला शिकवता काय?"

कोणालाच पटकन उत्तर सुचले नाही. चहा झाला, बैठक संपली, पण प्रश्न आमच्याबरोबर घरी आला. या पानावर आम्ही एरवी रक्तदाब, मधुमेह, गरोदरपणातला आहार अशा विषयांवर लिहितो. या वेळी आजोबांना उत्तर द्यायचे आहे.

आधी हे मान्य करू की आजोबांचा राग खरा आहे. या देशात कचरा कधीच नुसता कचरा नव्हता. तो करायचा कोणी आणि उचलायचा कोणी, हे जन्मावरून ठरलेले होते, आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही ठरलेले आहे. कुठल्याही शहरातल्या सफाई कामगारांचे हजेरीपत्रक वाचा, आडनावेच बोलतील. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि गावकीची हलकी कामे सोडायला सांगितली. कनिष्ठ वतने कायद्याने जायला मात्र १९५८ चा कायदा यावा लागला. इतकी चिवट ही गोष्ट आहे. झाडूकाम करणाऱ्या माणसाला त्याचे काम किती थोर आहे हे ऐकवत राहण्याच्या वृत्तीवर बाबासाहेबांनी कडक टीका केली होती, आणि मुंबईत म्युनिसिपालटीच्या कामगारांची संघटनाही बांधली होती. गौरव नको, हक्क हवा, हा त्यातला अर्थ आम्ही घेतो. म्हणून सफाई हे पुण्यकर्म आहे असे आम्ही म्हणणार नाही. हातात नवा कोरा झाडू धरून फोटो काढणाऱ्या पुढाऱ्यांचेही आम्हांला फारसे कौतुक नाही.

पण आजोबा, तुमच्या वडिलांवर गावाने लादली होती ती गावाची घाण. आम्ही बोलतो आहोत ती आपल्याच घरातल्या पिशवीबद्दल. आपण ओला-सुका सगळे एका पिशवीत कोंबून गाठ मारली आणि गाडीत फेकली, की आपल्यापुरता कचरा संपला असे वाटते. तो संपत नाही. ती गाठ पुढे कोणीतरी सोडते. त्या पिशवीतली बाटली, पुठ्ठा, पत्रा काढण्यासाठी कोणाचा तरी हात कुजलेल्या भातात आणि बाळाच्या डायपरमध्ये जातो. तो हात कोणाचा असतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आमच्या मंडळात एक ताई आहे. मराठवाड्यातून आलेली, नवरा बिगारी काम करायचा, आता आजारी असतो. ताई पहाटे पाचला गोणी घेऊन निघते आणि नऊपर्यंत भंगार वेचते. मागच्या वर्षी एका गाठ मारलेल्या पिशवीत हात घातला आणि तळहातात सुई गेली. मधुमेहाच्या इंजेक्शनची सुई, उरलेल्या भाजीत पडलेली. तिने हात पाण्याने धुतला, चिंधी बांधली आणि काम पुरे केले. घरी कोणाला सांगितले नाही. चार दिवसांनी हात सुजला तेव्हा आमच्यापैकी एकीला कळले. तोवर वेळ निघून गेली होती. पुढच्या तपासण्या सुदैवाने नीट आल्या, पण तीन महिने ही बाई नीट झोपलेली नाही. सुई टाकणारे घर काही दुष्ट नसेल. एखादे आपल्यातलेच असेल.

हे आरोग्याचे पान आहे, म्हणून इथे थांबून सांगतो. सुई टोचली तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, तोंडाने चोखू नका. आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा, उद्यावर टाकू नका. एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी गोळ्या असतात. त्या जितक्या लवकर, शक्यतो दोन तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि ७२ तास उलटून गेले की त्यांचा उपयोग राहत नाही. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लशीबद्दलही तिथेच विचारा. कचऱ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने हिपॅटायटिस बीची लस आधीच घेतलेली असावी. ताईने घेतलेली नव्हती. तिला कोणी सांगितलेच नव्हते.

आता प्रश्न असा, की हे सगळे काय एकट्या घरातल्या बाईने सांभाळायचे? पोस्टर बघितले तर तसेच वाटते. हिरवा डबा, निळा डबा, डबा धरून हसणारी बाई. कचऱ्याच्या पोस्टरवर पुरुष क्वचितच दिसतो. जणू शहराची सफाई तिच्या हसण्यावर अवलंबून आहे. कायदा मात्र तसे म्हणत नाही. घनकचरा हे काम राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनंतर बाराव्या अनुसूचीत आले आणि महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे ते पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी तर स्पष्ट लिहिले होते, की वेगळा केलेला कचरा दारोदार जाऊन गोळा करायचा, आणि त्यात झोपडपट्ट्या आणि अनौपचारिक वस्त्या धरायच्या. कचरावेचकांच्या संघटनांना ओळख द्यायची, त्यांना या कामात सामील करून घ्यायचे. सुका कचरा निवडायला जागा द्यायची. काम करणाऱ्याला हातमोजे, बूट, रेनकोट, मास्क मिळतील हे पाहायचे. २०१६ मध्ये घरातल्या कचऱ्याचे तीन भाग सांगितले होते, २०२६ च्या नव्या नियमांत ते चार झाले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी, आणि विशेष काळजी घ्यायचा. कागदावर भाग वाढले ही चांगली गोष्ट. गाडीत कप्पे किती वाढले हे आपण पाहायचे.

वस्तीचे गणित टॉवरपेक्षा वेगळे असते, आणि खरी अडचण तिथे आहे. टॉवरला गेट असते, वॉचमन असतो, डबे ठेवायला जागा असते. वस्तीत गाडी रस्त्याच्या तोंडाशी थांबते, कारण पुढची गल्ली दोन हातांची. घंटा वाजते तेव्हा नळाला पाणी आलेले असते. बाईने हंडा सोडून पिशवी घेऊन धावायचे की पाणी भरायचे? ती पाणी भरते. मग पिशवी कोपऱ्यावर जाते, कोपऱ्यावर कुत्री ती फाडतात, आणि पहिल्या पावसात ते सगळे गटारात उतरते. नंतर म्हणायचे, वस्तीतले लोक घाणेरडे. हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा राग येण्याऐवजी कंटाळा येतो.

आमच्यापैकी काहींनी एकदा नेटाने महिनाभर सुका कचरा वेगळा ठेवला होता. कोणत्या भागात ते लिहीत नाही, कारण हे थोड्याफार फरकाने सगळीकडचेच आहे. पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने दोन पिशव्या दिल्या. गाडीवरच्या मुलाने दोन्ही एकाच ढिगावर फेकल्या. विचारले तर म्हणाला, "मावशी, गाडीत एकच खण आहे, मी तरी कुठं टाकू?" त्याच्या हातात मोजे नव्हते, पायात साधी चप्पल होती. त्याच्यावर ओरडण्यात काय अर्थ? ठेकेदाराचा माणूस, पगार वेळेवर मिळेल की नाही याची त्यालाच खात्री नाही. महिना संपायच्या आत आमच्या गल्लीतल्या बायकांनी एक पिशवी सुरू केली. त्यांना दोष देता येत नाही. पुढे एकत्रच होणार असेल तर घरी वेगळे कशाला करायचे, हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, शहाणपणाचा आहे.

वसई-विरार महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी झाली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासच्या ग्रामपंचायती मिळून. २०११ च्या जनगणनेतच माणसे बारा लाखांवर होती. त्यानंतर चाळी आणि इमारती किती उभ्या राहिल्या, हे नालासोपारा पूर्वेला राहणाऱ्याला सांगायला नको. गावांचे शहर झाले. पूर्वी वाडीत केळीचा पाला, नारळाच्या झावळ्या असा कचरा व्हायचा आणि तो बुंध्याशीच कुजायचा. आता आपल्या घरात दिवसाला दहा पुड्या फुटतात. शहराचा हा कचरा वर्षानुवर्षे गोखिवऱ्याच्या डम्पिंग ग्राउंडवर साठत गेला. तिथे आग लागल्याच्या, धुराने आजूबाजूच्या लोकांना खोकला लागल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. डम्पिंगजवळ कोण राहते? जागा जिथे स्वस्त तिथे गरीब, आणि डम्पिंगजवळ जागा स्वस्त. ओला कचरा कुजताना मिथेन वायू तयार होतो आणि तो पेट घेतो. त्याच ढिगात प्लास्टिक असेल तर आग विझता विझत नाही आणि धूर विषारी होतो. म्हणजे ओला आणि सुका घरातच वेगळा झाला असता तर त्या धुराचे प्रमाण कमी असते. आमच्या विहारातल्या चर्चेचा आणि तिथल्या मुलाच्या खोकल्याचा संबंध आहे तो असा.

धुराचे निघालेच आहे तर घरच्या धुराबद्दलही बोलू. थंडीत शेकोटीत प्लास्टिक टाकायची सवय आपल्या गल्ल्यांत आहे. चूल पेटवायला दुधाची पिशवी वापरतात, पटकन पेट घेते म्हणून. काही पोरे तांबे काढण्यासाठी वायरी जाळतात. वायरीच्या वेष्टनात जे प्लास्टिक असते, त्याच्या धुरात डायॉक्सिनसारखी विषे असतात, जी शरीरात वर्षानुवर्षे राहतात. दम्याचे मूल असलेल्या घरात हा धूर गेला की रात्री धावाधाव होते, आणि दवाखान्यात जितका खर्च होतो तितके तांबे त्या पोराला वर्षभरात मिळत नाही. भंगारवाला न जाळलेली वायरही घेतो, भाव थोडा कमी देतो एवढेच. पोरांना मारू नका, हे समजावून सांगा.

पाण्याचेही तसेच. जुलै २०१८ चा पाऊस कोण विसरेल? नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, लोकल बंद, वसईत घरांत दिवसेंदिवस वीज नाही. त्या पुराला कचरा हे एकच कारण नव्हते. पाणथळ जागा आणि मिठागरांच्या बाजूने झालेले भराव, बुजलेले नाले, भरती, सगळेच होते. बिल्डरचे पाप पुडीच्या माथी मारायचे आम्हांला मान्य नाही. तरी आपल्या गल्लीतले गटार तुंबते ते पिशव्यांनी आणि पुड्यांनीच, हे आपण हाताने काढतो तेव्हा दिसतेच. त्यात गुटख्याच्या पुड्या सर्वांत जास्त. राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे म्हणतात! गटाराचे पाणी वाटेवर आले की त्यात उंदराचे मूत्र मिसळते आणि पायाच्या जखमेतून लेप्टो शिरतो. अशा पाण्यातून चालून आल्यावर पाय साबणाने धुवा, जखम असेल तर डॉक्टरांना दाखवा, लेप्टो टाळण्याची गोळी घ्यायची का ते त्यांनाच विचारा, आणि ताप आला तर अंगावर काढू नका. डेंग्यूचा डास मात्र गटारात नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. छपरावरचा टायर, करवंटी, प्लास्टिकचा पेला, यात आठवडाभर पाणी राहिले की पुरे. म्हणजे छपरावर "लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेला सुका कचराही धोक्याचाच.

आता पुण्याकडे बघू, कारण तिथे आपल्याच बायाबापड्यांनी एक वाट काढली आहे. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बहुतेक बायका दलित. त्यातल्या कितीतरी जणींची कुटुंबे दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली. १९९३ साली त्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. एक गाव एक पाणवठा चळवळीचे डॉ. बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते. पहिली मागणी पैशाची नव्हती, ओळखपत्राची होती. कचराकुंडीजवळ दिसली की चोर म्हणून हाकलायचे, पोलीस पकडायचे, म्हणून आम्ही कामगार आहोत हे लिहून द्या, एवढेच. ओळखपत्र मिळाले, पालिकेने ते मानले. पुढे यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून पुणे महापालिकेबरोबर करार करून या बायका दारोदार कचरा घेऊ लागल्या. प्रत्येक घर त्यांना महिन्याचे पैसे देते. सुका कचरा निवडून विकायचा हक्क त्यांचा. वेचायला उकिरड्यावर जायचे नाही, घराच्या दारातून वेगळा केलेला माल घ्यायचा. पुण्यात सगळे छान आहे असे मुळीच नाही. करार संपला की दरवेळी झगडावे लागते, मोठ्या ठेकेदारांचा डोळा त्या कामावर असतोच, वस्त्यांतून पैसे जमत नाहीत म्हणून पालिकेच्या अनुदानासाठी भांडावे लागते. तरी त्या बाईला दारात नावाने हाक मारतात, हा फरक आम्हांला मोठा वाटतो.

त्यांची एक छोटी गोष्ट आपल्याला उद्यापासून घेता येईल. वापरलेला पॅड किंवा डायपर कागदात गुंडाळायचा आणि वर लाल पेनाने ठसठशीत ठिपका काढायचा. पिशवी उचलणाऱ्या बाईला न उघडता कळते, की यात काय आहे. लाल ठिपका काढायला काय लागते? आणि हे काम मुलींना सांगताना घरातल्या मुलग्यांसमोरच सांगा, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याचेही नाव घ्यावे लागेल. जेमतेम बारा हजार वस्तीचे गाव, पण तिथल्या नगरपरिषदेने कचरा घरापासूनच वेगळा घ्यायला सुरुवात केली आणि डम्पिंगची जागा लोक पाहायला जातात अशी करून दाखवली. वेंगुर्ले लहान आहे, आपले शहर शंभर पटींनी मोठे, हे खरे. पण आपले शहर प्रभागांत वाटलेले आहे, आणि एका प्रभागातल्या चार गल्ल्या वेंगुर्ल्याएवढ्याही नाहीत.

आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. गाडी गल्लीत येत नसेल तर हातगाडी येऊ द्या. मोठ्या गाडीऐवजी दोन खणांची ढकलगाडी आणि वस्तीतलीच दोन माणसे, पगारी, हजेरीपत्रकावरची. आठवड्याचे ठरावीक दोन वार फक्त सुक्या कचऱ्याचे ठेवा, आणि वेळ पाण्याच्या वेळेशी टक्कर घेणारी नको. प्रभागात सुका कचरा निवडायला पत्र्याची का होईना एक शेड द्या, जिथे ताईसारख्या बायकांना उन्हात आणि चिखलात न बसता काम करता येईल, हात धुवायला नळ असेल आणि संडास असेल. ओळखपत्र द्या. मोजे आणि बूट फक्त फोटोच्या दिवशी नकोत. आणि हे काम ठेकेदारामार्फतच का? मुंबईत कचरा वाहणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांनी वर्षानुवर्षे कोर्टात झगडून २०१७ साली सर्वोच्च न्यायालयातून कायम नोकरीचा निकाल मिळवला. ठेकेदारी ही काही नैसर्गिक आपत्ती नाही.

आमच्यात एक वाद झाला तोही लिहितो. एकीचे म्हणणे होते, आपण शेड आणि ओळखपत्र मागितले तर आपल्याच मुली पुन्हा त्या कामात अडकतील. आजोबांची भीती हीच असावी. आमच्या मुलींनी हे काम करावे असे आम्हांला अजिबात वाटत नाही. पण ताई आज करते आहे. तिची मुलगी नववीत आहे. मुलीला या कामापासून दूर ठेवायचे तर ताईच्या कामाला आज चार पैसे जास्त आणि चार रोग कमी मिळाले पाहिजेत. सफाई आणि आरोग्याला धोका असलेल्या कामात असणाऱ्या पालकांच्या मुलांना शासनाची शिष्यवृत्ती आहे, त्यात कचरावेचकही येतात. पण ती मागायला आई हे काम करते याचा दाखला लागतो, आणि नोंदच नसेल तर दाखला कोण देणार? केंद्राच्या नमस्ते योजनेत २०२४ पासून कचरावेचकांची नोंद घ्यायची आहे. आपल्या वस्तीतल्या वेचणाऱ्या बायकांची नावे त्यात गेली का, हे मंडळांनी विचारायला हवे. लाजून नाव लपवले तर लाज जात नाही, फक्त शिष्यवृत्ती जाते.

आणि विचारायचे कोणाला, याचेही उत्तर आता आहे. २०२० मध्ये मुदत संपली तेव्हापासून इतकी वर्षे पालिकेवर प्रशासक होता, दारात येऊन उभा राहील असा नगरसेवक नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. मते मागायला जे गल्लीत आले होते, त्यांना ती गल्ली दोन हातांची आहे हे चांगले माहीत आहे. प्रभाग समितीत अर्ज द्या, पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा: आमच्या गल्लीसाठी कोणती गाडी, कोणत्या वेळी, तिच्यात खण किती, सुका कचरा पुढे कुठे जातो, कामगारांना मोजे-बूट कधी दिले. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. एकटीच्या नावाने देण्यापेक्षा मंडळातल्या दहा जणींनी दहा वेगळे अर्ज द्यावेत, असा आमचा अनुभव सांगतो.

घरात काय करायचे ते थोडक्यात. दाराच्या मागे एक खिळा, त्यावर सिमेंटची रिकामी गोणी किंवा जुनी पिशवी. पुठ्ठा, रद्दी, बाटली, पत्र्याचा डबा, कडक प्लास्टिक त्यात. ओले लागलेले खळखळून टाका, नाहीतर झुरळे येतात आणि मालाला भाव मिळत नाही. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. तो इवलासा तुकडाच गटारात जातो, तो कोणी वेचत नाही. २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या वेळी दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत मिळणार होते, आठवते? आम्हांला अजून एकही मिळालेला नाही. गाडी सुका कचरा वेगळा घेत नसेल तोवर ही गोणी आपल्या वस्तीतल्याच वेचणाऱ्या ताईला द्या. मोठ्या भंगारवाल्याने दिले असते ते दहा-वीस रुपये तिच्या हाती पडू द्या. वेफरच्या चकचकीत पुड्या आणि थर्माकोल मात्र तीही घेणार नाही, कारण पुढे ते कोणी विकत घेत नाही. ते कमी आणणे हाच उपाय. जयंतीच्या मिरवणुकीत आणि परित्राणपाठाच्या जेवणात थर्माकोलच्या ताटांऐवजी मंडळाची स्टीलची ताटे काढा. धुवायला माणसे लागतात, त्यात पुरुष मंडळींनीही यावे.

हा लेख छापायला देण्याआधी आम्ही आजोबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ताईच्या सुईचा भाग पुन्हा वाचायला लावला. आजोबांना स्वतःला मधुमेह आहे, गेली सहा वर्षे इन्शुलिन घेतात. दुसऱ्या दिवशी नातवाबरोबर त्यांनी विहारात एक बाटली पाठवली. हार्पिकची जाड बाटली, धुतलेली, झाकण घट्ट लावलेले, आत वापरलेल्या सुया. निरोप होता: "ही कुठं द्यायची ते विचारा."

आम्ही विचारतो आहोत. वापरलेल्या सुया, जुनी औषधे, बॅटऱ्या, ट्यूबलाइट यांच्यासाठी दर २० चौरस किलोमीटरमागे एक जमा केंद्र हवे आणि त्याची वेळ लोकांना कळवायला हवी, असे २०१६ च्या नियमांत लिहिलेले होते. आपल्या जवळचे केंद्र कोणते, हा आमच्या अर्जातला पहिला प्रश्न आहे. तोवर बाटली विहाराच्या कपाटावर, पोरांचा हात पोहोचणार नाही अशी ठेवली आहे.